मेटल उपासना कशी बसवावी

हेलसिंकीत कातळात कोरलेलं टेंपेलिआउकिओ चर्च आहे. २००६ साली तिथे मेटल उपासना, म्हणजे हेवी मेटल संगीताच्या साथीची चर्चची उपासना झाली, तेव्हा फिनलंडच्या लुथरन लोकांनी नवी गाणी रचली नाहीत. गीतपुस्तकातली, सगळ्यांना पाठ असलेली गीतंच त्यांनी इलेक्ट्रिक गिटार आणि डबल बेस ड्रमवर (दोन्ही पायांनी वाजवायच्या ढोलावर) घेतली. तुम्हीही तेच करा. गाणार मंडळी, बँड फक्त साथीला.

पाच-सहा गीतं पुरतात. पट्टी मंडळीच्या गळ्यावरून ठरवा, रिफवरून (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावरून) नाही. चालीतला सर्वांत वरचा सूर ‘डी’ या पाश्चात्त्य स्वराच्या पुढे गेला की मागचे बाक गप्प होतात. लय अशी बांधा: गाणं मिनिटाला ८० ठोक्यांवर, ड्रमरचे पाय १६० वर. वेग ऐकू येतो आणि शब्दही तोंडात बसतात. सुरुवातीचं वादन चार आवर्तनांचं, दर वेळी तेवढंच. ते लांबलं की कडवं कुठे उचलायचं हे कुणालाच कळत नाही. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, त्याही गाण्याआधी क्षणभर.

खरा घोळ आवाजात होतो. दगडी चर्चमध्ये नाद तीन-चार सेकंद घुमतो, त्यामुळे भरभर वाजवलेल्या रिफचा चिखल होतो. गिटारच्या अँपचा गेन (आवाज फाटेपर्यंत वाढवणारं बटण) निम्म्यावर आणा, २०० ते ४०० हर्ट्‌झचा पट्टा कापा, बेस ड्रममध्ये घोंगडी कोंबा. शक्य असेल तर इलेक्ट्रॉनिक ड्रमच घ्या. साउंड चेक रिकाम्या चर्चमध्ये होतो. लोक बसले की घुमारा कमी होतो, म्हणून पहिल्या गीतानंतर पातळी पुन्हा पाहा. सरासरी पातळी १०० डेसिबलच्या आत ठेवा आणि दारात कानातल्या बोळ्यांची टोपली ठेवा. लहान मुलांना मागे बसवा.

क्रम नेहमीचाच: पापांगीकार, शास्त्रवाचन, उपदेश, विश्वासाचा अंगीकार, मध्यस्थीची प्रार्थना, प्रभुभोजन. पाळकांनी नेहमीचा झगाच घालावा; लेदर जॅकेट उसनं दिसतं, आणि ते मेटलवाल्यांना आधी कळतं. मेटलमधल्या गुरगुरत्या आवाजाची हौस असेल तर ती स्तोत्र ८८ च्या वाचनात भागवा. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तिथे तो आवाज शोभतो. मंडळीच्या कडव्यांवर नको, चाल हरवते.

प्रभुभोजनाला एकच गिटार, डिस्टॉर्शन (फाटका आवाज) बंद. बाकीचे अँप स्टँडबायवर टाका, नाहीतर भाकर मोडताना सगळ्यांना फक्त घरघर ऐकू येते.