पहिलं कॉमिक आठच पानांचं काढा

कॉमिक काढायचं म्हटलं की बहुतेक जण आधी हिरो ठरवतात. मग त्याचा पोशाख, त्याच्या शक्ती, त्याचा दुश्मन. वही भरते आणि गोष्ट पहिल्या पानावरच अडते. आमच्या माळ्यावर असे तीन हिरो धूळ खात पडलेत. म्हणून हिरोला सध्या बसू दे.

दोन ए-फोर कागद घ्या, एकावर एक ठेवून मधोमध दुमडा. झाली आठ पानांची पुस्तिका. पहिलं पान मुखपृष्ठ, आठवं मलपृष्ठ, गोष्टीला उरली सहा. दुमडलेल्या एका कागदाची चार पानं होतात, म्हणून पानं नेहमी चारच्या पटीत. अनंत पै यांनी १९६७ मध्ये मुंबईतून सुरू केलेल्या अमर चित्र कथेचा नेहमीचा अंक ३२ पानांचा असायचा, तोही याच हिशेबात बसतो. मी एकदा हौसेनं दहा पानं काढून छापायला नेली. छापणाऱ्या काकांनी ती मोजली आणि विचारलं, "दोन कोरी ठेवू की दोन काढून टाकू?"

गोष्टीसाठी लोकलमध्ये बसा. सकाळच्या गर्दीत हातच हलत नाही, दुपारची गाडी बरी. खिशात मावेल एवढी वही न्यायची. चेहरे काढायच्या भानगडीत पडू नका. समोरचा बघतो आणि मग समजावत बसावं लागतं. पाठी, हात, पिशव्या काढा आणि खाली कानावर पडलेलं एक वाक्य लिहून ठेवा.

मला मालडब्यात एक कोळीण दिसली होती. रिकामी पाटी पालथी घालून तिच्यावर बसली आणि पैसे मोजायला लागली. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजायला घेतल्यावर केळीवाल्यानं विचारलं, "काय मावशी, कमी पडले?"

"नाय रे. जास्त झालेत. कोनाचे ते आठवतेय."

सहा पानांना एवढं पुरतं.

आता ती गोष्ट पानांवर बसवायची, आणि खरं डोकं इथे लागतं. थेट मोठ्या कागदावर जाऊ नका. प्रत्येक पान आधी रेल्वेच्या तिकिटाएवढं काढा, काडीची माणसं चालतील. दुसरं आणि तिसरं पान समोरासमोर येतं, चौथं उलटल्यावरच दिसतं. म्हणून केळीवाल्याचा प्रश्न तिसऱ्या पानाच्या शेवटच्या चौकटीत आणि उत्तर चौथ्यावर. प्रश्न-उत्तर समोरासमोर आले की वाचणाऱ्याची नजर आधीच उत्तरावर जाते आणि सगळी मजा गेली.

मोजण्यासाठी मी तीन सारख्या चौकटी घेतल्या: हात, हात, आणि तिसरीत कपाळावरची आठी. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत वाचणारा उरलेल्या नोटा स्वतः मोजतो. संवादाचा फुगा एकाही चौकटीत नाही. आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस व्यंगचित्रांत कायम गप्पच असायचा, तरी आज वरळी सी-फेसवर त्याचा पुतळा उभा आहे.

शब्द मात्र चित्राच्या आधी लिहा. मी उलटं केलं होतं. चित्रं झकास झाली आणि संवाद शेवटी कोळिणीच्या अंबाड्यावर लिहावे लागले. देवनागरीला जागा जास्त लागते: वर वेलांटी, खाली उकार, आणि ओळी जवळ आल्या की वरचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. पेन्सिलीनं फिकट शिरोरेषा आखा, अक्षरं तिला लटकवा, दोन ओळींत एका अक्षराच्या उंचीएवढी जागा सोडा. मग फुगा आणि उरलेल्या जागेत माणूस. आधी बोलणारा शक्यतो डावीकडे.

पक्कं चित्र छपाईच्या दुप्पट आकारात, म्हणजे प्रत्येक पान आख्ख्या ए-फोरवर काढा. लहान करताना हाताचा कंप झाकला जातो. पाण्यानं न फुटणाऱ्या शाईचं पेन वापरा. जुलैत मुंबईचा कागद दमट होतो आणि शाई पसरते, म्हणून कोरे कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. शाई नीट वाळल्याशिवाय खोडरबर लावू नका. स्कॅन ६०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके, पुरे.

मूडची वाट पाहणाऱ्यांसाठी माझा एकच उपाय: रात्री उठताना एक चौकट मुद्दाम अर्धी सोडायची. सकाळी चहा ठेवल्यावर हात आपोआप पेनाकडे जातो. नवीन कोरं पान समोर असलं की मी भांडीसुद्धा घासतो.

झेरॉक्ससाठी पानांची मांडणी: बाहेरच्या कागदावर एका बाजूला ८ आणि १, मागे २ आणि ७, आतल्या कागदावर ६ आणि ३, मागे ४ आणि ५. लांब स्टेपलर नसेल तर दुमडीवर सुई-दोऱ्यानं तीन टाके घाला.

पहिली प्रत कॉमिक न वाचणाऱ्या माणसाला द्या आणि शेजारी गप्प बसा. मी आईला दिली. तिनं सातवं पान वाचलं, आठवं उलटून पाहिलं, पुन्हा सातव्यावर आली.

"अरे, पण पैसे कुणाचे होते?"

त्या रात्री पुन्हा तिकिटाएवढे चौकोन आखायला बसलो.