नवी स्वस्त इलेक्ट्रिक गिटार: पहिल्या आठवड्यात या चुका टाळा

खोकं फोडलं, केबल खुपसली, दोन पॉवर कॉर्ड वाजवल्या आणि निकाल तयार: आवाज पातळ, सूर टिकत नाही, तारा खडखडतात, पैसे वाया गेले. ८ ते १५ हजारांच्या गिटारबद्दल हा निकाल रोज कुठे ना कुठे लागतो, आणि बहुतेक वेळा तो गिटारवर नसतो. तो तिच्या सेटिंगवर असतो.

स्वस्त गिटारमध्ये पैसे कुठे वाचवले जातात ते आधी समजून घ्या. मान (तारा दाबायचा लांब दांडा) आणि बॉडी आज यंत्रावर कापली जाते, त्यामुळे मापं सहसा बरोबर असतात. पिकअपही (तारांची थरथर पकडणारे चुंबकाचे भाग) वाजवण्याजोगे असतात. कात्री लागते ती माणसाच्या हातांना: नटच्या (मानेच्या वरच्या टोकाची, तारा ज्यावरून जातात ती पट्टी) खाचा नीट खोल करणं, फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) टोकं गुळगुळीत करणं, मानेचा बाक आणि तारांची उंची लावून देणं. हे काम कोणीतरी करायचं उरलेलं असतं. तुम्ही करा किंवा कारागिराकडून करून घ्या, पण ते होईपर्यंत गिटारला नावं ठेवू नका.

स्क्रू फिरवण्याआधी परत करायचं की नाही ते ठरवा

ही चूक अगदी साधी आणि महागडी. ऑनलाइन मागवलेली गिटार परत करायची मुदत मोजकी असते आणि तुम्ही तिच्यावर पाना चालवलात की बोलणंच संपतं. म्हणून पहिल्या संध्याकाळी फक्त पाहायचं, पाना लावायचा नाही.

ब्रिजकडून (बॉडीवर तारा बसतात तो भाग) डोकं टेकवून मानेच्या दोन्ही कडा बघा. एक कड वर आणि एक खाली जात असेल तर मान पिळली आहे. परत करा, ही घरी सुटणारी गोष्ट नाही. मान बॉडीत बसते त्या खोबणीजवळ लाकडात चीर असेल तर परत करा. नुसत्या रंगाला बारीक रेघ असेल तर दुर्लक्ष करा. फ्रेट बोटानं दाबल्यावर हलत असेल, एखादा पिकअप पूर्ण मुका असेल, तरीही परत. पातळ ई तार फ्रेटबोर्डाच्या काठावरून घसरत असेल तर घाबरू नका. मानेचे चार स्क्रू पाव फेरा सैल करून, मान अलगद ढकलून परत कसले की बऱ्याचदा तार जागेवर येते. पण तेही परतीचा निर्णय झाल्यावर.

ट्रस रॉडवर हात साफ करणं

ट्रस रॉड म्हणजे मानेच्या आतली, कसता येणारी सळई. तिच्याशी केलेल्या या एका चुकीनं सगळ्यात जास्त माना खराब होतात. प्रसंग दरवेळी जवळपास सारखाच. कॉलेजातला मुलगा, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची नवी गिटार, मोकळ्या (न दाबता वाजवलेल्या) जाड तारा आणि पहिले तीन-चार फ्रेट खडखडतात. व्हिडिओत कोणीतरी सांगितलेलं असतं की खडखड आली की ट्रस रॉड फिरवा. कुठल्या बाजूला, हे ऐकायला तो थांबलेला नसतो. 'सैल झालं असणार, कसूया' म्हणून तो घड्याळाच्या दिशेनं फिरवतो. मधल्या फ्रेटवर तारा थोड्या खाली येतात, बोटांना बरं वाटतं, म्हणून अजून अर्धा फेरा. खडखड वाढते. मग अजून. हातातली ॲलन की असते ४.५ मिमीची आणि रॉडच्या टोकाची खाच ५ मिमीची, त्यामुळे एका क्षणी ती आतल्या आत गरकन फिरते आणि खाचेचे कोपरे गुळगुळीत होतात. आता रॉड ना कसतो ना सुटतो. असा रॉडचा नट बाहेर काढायला किंचित मोठा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट हलक्या हातानं ठोकून बसवावा लागतो. तोही चालला नाही तर नवी मान, आणि एवढ्या स्वस्त गिटारला नवी मान घेणं हिशेबात बसत नाही.

त्याच्या गिटारला नेमकं उलटं हवं होतं. ट्रस रॉड मानेचा बाक ठरवतो. तारा मानेला पुढे ओढतात, रॉड तिला मागे धरतो. घड्याळाच्या दिशेनं कसलं की बाक कमी होतो, उलट फिरवलं की वाढतो. मोकळ्या तारा आणि पहिल्या चार-पाच फ्रेटांवरची खडखड बहुधा बाक फार कमी असल्याचं सांगते, म्हणजे रॉड सैल करायचा. बाराव्याच्या पुढे खडखड असेल तर तारा फार खाली आहेत किंवा मानेच्या टाचेशी (बॉडीकडच्या टोकाशी) फ्रेट उंच आहेत. तिथे रॉडचा संबंध जवळजवळ नाही. एकाच फ्रेटवर खडखडत असेल तर पुढचा फ्रेट उंच आहे. मान बिचारी निर्दोष.

अंदाजानं न फिरवता मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर जाड ई तार दाबा आणि आठव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंतची फट मोजा. बोर्डाच्या गोलाईची त्रिज्या ९.५ ते १२ इंच असलेल्या मानेसाठी फेंडरचं जाहीर माप ०.०१० इंच, म्हणजे साधारण ०.२५ मिमी. मोजायला मोटरसायकलचे टॅपेट सेट करायचं फीलर गेज चालतं, कुठल्याही ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतं. फट शून्य असेल तर सैल करा, अर्ध्या मिमीच्या आसपास असेल तर कसा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. कसायचं असेल तर आधी तारा थोड्या सैल सोडा. मग परत सुरात लावा, मोजा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा, कारण लाकूड रात्रभर सरकत राहतं. पाव फेऱ्याला बळ लावावं लागत असेल तर थांबा आणि कारागिराकडे जा. ज्याला रात्रभर थांबवत नाही त्यानं ट्रस रॉडच्या वाटेलाच जाऊ नये.

तारांची उंची नेहमी बाकानंतर. सतराव्या फ्रेटवर १.६ मिमी ही चांगली सुरुवात आहे. आयात गिटारच्या सॅडलच्या (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते तो तुकडा) बारीक स्क्रूंना बहुधा १.५ मिमीची ॲलन की लागते, अमेरिकन फेंडरला ०.०५० इंचाची. 'जवळपास बसतेय' म्हणून चुकीची वापरली की आटे जातात. सगळे सॅडल पार खाली बसूनही तारा उंचच असतील तर मानेच्या खोबणीत ब्रिजच्या बाजूला पाव ते अर्धा मिमी जाडीची कार्डाची पट्टी घालतात. ब्रिज तासत बसू नका.

सूर टिकत नाही म्हणून खुंट्या बदलणं

लॉकिंग ट्यूनर (तार घट्ट पकडून ठेवणाऱ्या खुंट्या) मागवणाऱ्यांची संख्या पाहिली तर जगातल्या सगळ्या खुंट्या निकामी असाव्यात असं वाटेल. स्वस्त खुंटीत थोडा खेळ असतो, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे नेहमी खालून वर येऊन सूर लावणं. वर गेलात तर पुन्हा खाली उतरून परत चढा. तार खुंटीवरून घसरत नाही, ती नटमध्ये अडकते.

ओळखायचं असं. सूर लावताना 'टिक' असा आवाज येतो आणि सुई उडी मारते? तार खाचेत अडकून सुटली. तार ताणून बेंड केल्यावर सूर उतरून येतो? खुंटीच्या बाजूची तार ओढली गेली आणि परत गेलीच नाही. ट्रेमोलोची (ब्रिज हलवून सूर वरखाली करायची) दांडी खाली दाबून सोडल्यावर सूर चढलेला येतो? उलट बाजूनं तेच. सहाच्या सहा तारा एकदम एकाच दिशेला सरकल्या तरच नट सोडून ब्रिज आणि स्प्रिंगांकडे वळा.

नटवरचा पहिला उपाय म्हणजे पेन्सिल. ६बी असेल तर उत्तम. तार बाजूला करा, खाचेत शिसं घासा, तार बसवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग उंची बघा: दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा. पहिल्या फ्रेटवर कागदभर फट राहिली पाहिजे. स्वस्त गिटारवर ती बहुधा बरीच जास्त असते, आणि त्यामुळेच एफ कॉर्ड बोटं मोडते आणि पहिल्या फ्रेटवरचे स्वर ट्यूनरवर चढे दिसतात. नवशिका आपल्या बोटांना दोष देत महिनोन्महिने बसतो. खाच खोल करायला तारेच्या जाडीची कानस लागते, आणि ती महाग असते. करवतीचं पातं घालू नका. त्यापेक्षा कारागिराला पैसे द्या. एका नटसाठी कानशींचा संच घेण्यात अर्थ नाही. खाच जास्तच खोल झाली आणि मोकळी तार खडखडू लागली तर खाण्याचा सोडा आणि फेविक्विकचा एक थेंब घालून पुन्हा घासता येते. जुगाड आहे, पण बारीक तारांवर बऱ्यापैकी टिकतो.

ट्रेमोलोबद्दल एवढंच: सहा स्क्रूंचा ब्रिज असेल तर सगळे स्क्रू आवळून ठेवू नका. बाहेरच्या दोन स्क्रूंवर ब्रिज टेकू द्या, मधले चार किंचित वर घ्या, नाहीतर तो अडखळतो. दांडी वापरणारच नसाल तर मागचं झाकण काढून क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेली पट्टी) दोन स्क्रू आवळा आणि ब्रिज बॉडीला टेकवून टाका. शिकणाऱ्यासाठी हाच सगळ्यात शहाणा उपाय, पण ते फारसं कुणी ऐकत नाही. दांडी आट्यांत डुलत असेल तर नळाला लावतात ती टेफ्लॉन टेप दोन वेढे.

सुरुवातीच्या तारा किती जुन्या असतात देव जाणे. कोकणपट्टी आणि गोव्याच्या हवेत तर त्या खोक्यातच गंजलेल्या निघतात. पहिल्याच आठवड्यात नवा संच चढवा, पण त्याच जाडीचा. बहुतेक गिटारवर ०.००९ ते ०.०४२ इंचांचा असतो. एकदम ०.०१० वर गेलात की एकूण ताण सुमारे ३८ किलोवरून ४६-४७ किलोंपर्यंत जातो आणि बाक, ट्रेमोलो, इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर येणं), सगळं परत लावावं लागतं. नव्या तारा हातानं ओढून ताणून घ्या, सूर लावा, पुन्हा ताणा, सूर सरकायचा थांबेपर्यंत.

इंटोनेशन नव्या तारांवरच तपासा. बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर तिथल्या हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता, नुसती स्पर्शून काढलेला स्वर) चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे.

बाकीच्या, झटपट

ॲम्पमधून ऐकू न येणाऱ्या खडखडीसाठी तारा उंच करणं. गिटार इलेक्ट्रिक आहे, वायर लावून ऐका.

पिकअप तारांच्या अगदी जवळ चढवणं. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड बाजूला २ मिमी, बारीक बाजूला १.६ मिमी ठेवा. स्वस्त पिकअपमध्ये खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी आणि वर लोखंडी खिळे असतात, त्यामुळे अल्निको चुंबकाच्या पिकअपपेक्षा तारांवरची ओढ कमी असते, पण जवळ नेलं की आवाज चिरका होतोच.

पिकगार्डवरचा पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा महिनोन्महिने तसाच ठेवणं, आणि मग हात फिरवताना येणाऱ्या चरचरीसाठी वायरिंग उचकणं.

जॅकचा नट बाहेरूनच आवळणं. आतला जॅक सोबत फिरतो, वायर पिळते आणि डाग (सोल्डरचा जोड) सुटतो. प्लेट काढा, जॅक आतून धरा, मग आवळा.

पॉट (आवाज आणि टोनच्या नॉबखालचा भाग) खरखरला तर संपर्क स्वच्छ करायचा स्प्रे मारून नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवा. गंज सोडवायचं तेल नको.

गुरगुर. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर गुरगुरणारच. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर ग्राउंड जोडलेला आहे. वाढत असेल तर जॅकवर वायरी उलट लागल्या आहेत का ते बघा. पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या-चौथ्या जागी गुरगुर गेली नाही तर मधला पिकअप उलट गुंडाळलेला नाही, एवढंच. पण तारांना हात लावल्यावर झिणझिणी आली तर लगेच वाजवणं थांबवा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॉप्टरमधून लावला असेल किंवा भिंतीत अर्थिंगच नसेल, तर दुरुस्ती गिटारची नाही, इलेक्ट्रिशियनची आहे.

पिकअप आधी बदलणं. सहा इंची स्पीकरच्या १० वॅटच्या ॲम्पवर गेन (आवाज फाटवणारा नॉब) पूर्ण फिरवून ऐकायचं आणि 'टोन नाही' म्हणायचं, हा प्रकार नवे पिकअप घालून सुटत नाही. आधी गेन खाली आणा, कोऱ्या आवाजात वाजवा, शक्य असेल तर कोणाच्या तरी बऱ्या ॲम्पवर लावून बघा. काँप्युटरला लावायची असेल तर इंटरफेसवर वाद्यासाठीची इनपुट, माइकची नव्हे.

बोर्डाला खोबरेल तेल लावणं. ते कुबट होतं आणि धूळ धरतं. फिनिश नसलेल्या गडद लाकडाला वर्षातून एकदोनदा थोडं खनिज तेल, पुसून काढायचं. पॉलिश केलेल्या मेपलला काहीच नको. आणि बोर्ड रोझवुडचा नाही म्हणून हळहळू नका. २०१७ च्या जानेवारीपासून रोझवुडच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आली तेव्हा अनेक स्वस्त गिटारवर भारतीय लॉरेल आलं, म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, पण ऐन टिकून राहिला. उत्तम लाकूड आहे.

उंच फ्रेट शोधायला जुनं एटीएम कार्ड पुरतं: लांब कड पहिल्या तीन फ्रेटांवर ठेवा, डुगडुगलं तर मधला उंच. वर जाल तशी कार्डातून लहान पट्टी कापून घ्या, प्रत्येक वेळी तीनच फ्रेट आली पाहिजेत. घासायला मात्र स्वतः बसू नका.

नागपूरच्या मे महिन्यात फ्रेटची टोकं बोटांना टोचू लागली तर फ्रेट वाढलेले नाहीत, बोर्ड सुकून आकसला आहे. बोर्डाला मास्किंग टेप लावून बारीक कानशीनं टोकं हलकेच मोडा, आणि गिटार कूलरच्या झोतात किंवा बंद गाडीत ठेवू नका. जूनमध्ये पाऊस लागला की मानेची फट पुन्हा मोजा.