चोर आधी, जादूगार नंतर: डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये रोग आणि विझर्डची सांगड

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत, गोष्ट रचत टेबलाभोवती खेळायचा खेळ. आमच्या टेबलावर त्याची नवी मोहीम सुरू होताना कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, मला चोरीपण करायचीय आणि जादूपण. जमेल का?" जमतं की. पण बहुतेक जण रोग (चोर) आणि विझर्ड (जादूगार) या दोन क्लासच्या, म्हणजे पेशांच्या, लेव्हल निम्म्या निम्म्या घेत सुटतात. पाचव्या लेव्हलला बघतात तर शेजारचा निव्वळ विझर्ड फायरबॉल हा आगीचा मोठा मंत्र टाकतोय, निव्वळ रोग अंगावर आलेला वार निम्म्यावर आणतोय, आणि हे दोन्हीकडे कच्चा लिंबू. म्हणून डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, खुर्चीतून मी एकच गोष्ट आधी ठरवायला लावते: तुमचा गडी मुळात कोण आहे? जादू येणारा चोर, की कुलूप उघडता येणारा जादूगार? माझं मत विचाराल तर पहिला. मजा त्यात आहे.

मी २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियम धरून लिहितेय, कारण आमच्याकडे अजून तीच पुस्तकं चालतात. २०२४ च्या पुस्तकात विझर्डची शाखा दुसऱ्याऐवजी तिसऱ्या लेव्हलला मिळते, म्हणजे खालचा हिशेब तिथे जरा बदलेल. आणि मल्टिक्लासिंग, म्हणजे एकाच गड्याला दोन क्लास घेणं, हा २०१४ मध्ये पर्यायी नियम आहे, तेव्हा आधी आपल्या डीएमला विचारा. तो नाही म्हणाला तरी बिघडत नाही. रोगला तिसऱ्या लेव्हलला आर्केन ट्रिकस्टर ही जादू येणाऱ्या चोराची शाखा घेता येते आणि ती एकटी पुरेशी आहे.

गड्याच्या गुणांचे आकडे मांडताना डेक्स्टेरिटी (चपळाई) आणि इंटेलिजन्स (बुद्धी) दोन्ही किमान १३ लागतात, नाहीतर दुसरा क्लास घेताच येत नाही. आकडे घ्यायला मिळणाऱ्या २७ पॉइंटांची वाटणी मी अशी करते: डेक्स्टेरिटी १५, इंटेलिजन्स १४, कॉन्स्टिट्यूशन १४, विझडम १२, स्ट्रेंग्थ आणि करिश्मा ८. आता वंश म्हणून फॉरेस्ट नोम, म्हणजे जंगलातला बुटका, घ्या. इंटेलिजन्सला २ आणि डेक्स्टेरिटीला १ मिळून दोन्ही १६ होतात. वर मायनर इल्युजन हा छोट्या आभासाचा मंत्र फुकट, आणि जादूविरुद्धच्या इंटेलिजन्स, विझडम, करिश्मा सेव्हला (बचावाच्या फाशाला) अॅडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. चाल २५ फूट, हा एक तोटा. हाय एल्फ दिसायला रुबाबदार असतो आणि त्यालाही एक कॅन्ट्रिप, म्हणजे हवा तितक्यांदा म्हणता येणारा साधा मंत्र, मिळते, पण या कामाला नोमसारखा कुणी नाही.

पहिली लेव्हल रोगचीच घ्या, यात तडजोड नको. रोग म्हणून सुरुवात केली की चार स्किल, चोराची हत्यारं, हलकं चिलखत, रेपियर ही सडपातळ तलवार, आणि दोन गोष्टींत एक्सपर्टीज (दुप्पट तरबेजपणा) मिळते. त्यातली एक स्लाइट ऑफ हँडला (हातचलाखी) द्या, दुसरी स्टेल्थला (लपणं). उलट्या बाजूने आलात, म्हणजे विझर्डवरून रोगकडे, तर एकच स्किल मिळतं. आणि रोगवरून विझर्डकडे जाताना विझर्ड नवं हत्यार-चिलखत काहीच देत नाही, पण तुमच्याकडे ते आधीच असतं. चिलखताची सवय असली की ते घालून मंत्र म्हणायला या आवृत्तीत आडकाठी नाही. त्यामुळे मेज आर्मर या जादूच्या चिलखतावर स्लॉट (मंत्र म्हणायच्या मोजक्या संधींपैकी एक) घालवू नका. स्टडेड लेदर हे हलकं चिलखत बचावाला १२ अधिक डेक्स्टेरिटी देतं आणि मेज आर्मर १३ अधिक डेक्स्टेरिटी. एका आकड्यासाठी रोज एक स्लॉट?

तिसऱ्या लेव्हलपर्यंत रोगच राहा. दुसऱ्या लेव्हलला कनिंग अॅक्शन (त्याच टर्नमध्ये जास्तीचं पळणं, लपणं किंवा निसटणं) येते आणि तिसऱ्याला ट्रिकस्टरचा मेज हँड, म्हणजे जादूचा हात. हा हात अदृश्य असतो, ३० फुटांवरून दुसऱ्याच्या खिशातली वस्तू काढतो, खिशात घालतो, चोराची हत्यारंही चालवतो. आणि त्याला हलवायला बोनस अॅक्शन, म्हणजे टर्नमधली जास्तीची छोटी कृती, पुरते. हे शेवटचं वाक्य लोक वाचून सोडून देतात, पण सगळी गंमत तिथे आहे.

एक प्रसंग सांगते. माझ्या भाचीची चिमणी नावाची नोम, रोग ३. सावकाराच्या वाड्यात तळघराच्या दारावर पहारेकरी, त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चिमणीने मेज हँड शेजारच्या खोलीतच म्हणून घेतला, कारण तो मंत्र तोंडाने म्हणावा लागतो आणि माझ्या टेबलावर पहारेकऱ्यांना कान असतात. हात एक मिनिट टिकतो, म्हणजे दहा राउंड. मग ती पडद्याआड आली. मायनर इल्युजनला शब्द लागत नाहीत, नुसते हातवारे आणि लोकरीचा पुंजका. अॅक्शनमध्ये तिने बोळाच्या टोकाला काच फुटल्याचा आवाज काढला आणि त्याच टर्नमध्ये बोनस अॅक्शनने जुडग्याला हात घातला. डेक्स्टेरिटीचे ३, एक्सपर्टीजचे ४, फाशावर ९, एकूण १६. पहारेकऱ्याचे ११ अधिक २. गडी तिकडे मान वळवून उभा आणि किल्ल्या हवेतून तरंगत पडद्यामागे. आतली पेटी तिने पुन्हा मंत्र म्हणून त्याच हाताने उघडली, स्वतः जिन्यावर बसून. विषारी सुई सुटली ती रिकाम्या हवेत. मी रंगवून ठेवलेला सापळा एका वाक्यात निकालात निघाला. भाचीपुढे डीएमपण मिरवणं अवघडच असतं, त्या दिवशी फारच.

आता विझर्डच्या दोन लेव्हल घ्या. पहिल्या लेव्हलला मंत्रांची वही आणि रिच्युअल (स्लॉट न घालवता सावकाश म्हणायचे मंत्र) येतात, जे ट्रिकस्टरला येत नाहीत. फाइंड फॅमिलियर, म्हणजे जादूचा सोबती प्राणी बोलावणं, हे त्यातलं मुख्य. १० सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप आणि वनस्पती, आणि तासाभराचा वेळ, रिच्युअल म्हणून केलं तर वर १० मिनिटं. घुबड घ्या. ते उडत येतं, शत्रूसमोर फडफडून हेल्प करतं आणि वार न खाता निघून जातं. तुम्हाला अॅडव्हांटेज, म्हणजेच स्नीक अटॅक, रोगचा जास्तीचा मार. घुबडाचा जीव एका हिट पॉइंटचा, तेव्हा कोळशाचा साठा जवळ ठेवा. दुसऱ्या लेव्हलला शाखा निवडताना सगळे इल्युजनकडे (आभासाची जादू) धावतात. मी डिव्हिनेशन (भविष्य पाहण्याची जादू) सुचवते. सकाळी दोन डी२० (वीस बाजूंचे फासे) टाकून आकडे लिहून ठेवायचे आणि हवं तेव्हा समोरच्याच्या फाशाऐवजी वापरायचे. सकाळी पडलेला २ हा वाईट दिवस नव्हे, तो रात्रीच्या पहारेकऱ्याच्या परसेप्शनचा, म्हणजे चाहूल लागण्याचा, आकडा आहे. फक्त त्याने फासा टाकायच्या आधी सांगावं लागतं.

पाचव्या लेव्हलला हिशेब असा बसतो. रोग ३ आणि विझर्ड २ मिळून मंत्रांसाठी तिसरी लेव्हल धरली जाते, कारण ट्रिकस्टरच्या लेव्हलचा तिसरा भागच मोजतात, तोही अपूर्णांक सोडून. म्हणजे पहिल्या दर्जाचे चार आणि दुसऱ्याचे दोन स्लॉट. निव्वळ ट्रिकस्टरला या टप्प्यावर पहिल्याचे तीनच असतात. मात्र मंत्र दोन्ही क्लासचे पहिल्या दर्जाचेच येतात. वरच्या स्लॉटमधून तेच जोरात म्हणायचे. गमावता काय? एक स्नीक अटॅकचा डी६, सरासरी साडेतीन, अनकॅनी डॉज (वार निम्म्यावर आणणं), आणि चौथ्या लेव्हलची आकडेवाढ. म्हणून सहाव्यापासून पुन्हा रोगकडे वळा आणि तिथेच राहा. रोग ६ आणि ९ ला मंत्रांचा हिशेब एकेक पायरी वर सरकतो, आणि ९ ला मॅजिकल अँबुश येतो: लपून मंत्र टाकला तर समोरच्याला सेव्हवर डिसॅडव्हांटेज.

मारामारीत एक गैरसमज काढून टाका. फायर बोल्ट या आगीच्या कॅन्ट्रिपला स्नीक अटॅक जोडता येत नाही, त्यासाठी फिनेस (चपळाईने चालवायचं) किंवा लांब पल्ल्याचं हत्यारच हवं. बूमिंग ब्लेड ही कॅन्ट्रिप मात्र चालते, कारण त्यात वार रेपियरचाच असतो. आणि कॅन्ट्रिप एकूण लेव्हलवर वाढते, त्यामुळे क्लास वाटल्याने तिचं काही जात नाही. पाचव्या लेव्हलला रेपियरचा डी८, वरचे ३, स्नीकचे २डी६, ब्लेडचा डी८: सरासरी १९. मग कनिंग अॅक्शनने डिसएंगेज करून, म्हणजे वार न खाता निसटून, मागे सरका. तो पाठलाग करायला हलला की आणखी २डी८. सातव्या लेव्हलला अनकॅनी डॉज आला की शील्ड या ढालीच्या मंत्राशी भांडण सुरू होईल, दोन्हींना रिअॅक्शनच, म्हणजे राउंडमध्ये एकदाच मिळणारी उलट कृती, लागते. वार थोडक्यात लागत असेल तर शील्ड, धडधडीत बसला असेल तर डॉज.

नॉक हा मंत्र कधीच घेऊ नका. कुलूप उघडतं खरं, पण ठोका ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. चोराला हा मंत्र कुणी सुचवला कोण जाणे.

ज्यांना दुसरा मार्ग हवा, म्हणजे जादूगार आधी, त्यांनी रोगची एकच लेव्हल घ्यावी आणि बाकी सगळं विझर्ड. फायरबॉल पाचव्याऐवजी सहाव्या लेव्हलला मिळेल. कनिंग अॅक्शनच्या मोहाने दुसरी घेतलीत तर सातव्याला. बाल्डर्स गेट ३ हा याच नियमांवरचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना १३ ची अट नाही, पण तिथे १२ व्या लेव्हलला खेळ थांबतो, तेव्हा वाटणी अजून जपून करा.

आणि शत्रूकडचा विझर्ड मेला की आधी त्याची वही उचला. पहिल्या दर्जाचा मंत्र आपल्या वहीत उतरवायला दोन तास आणि ५० सोन्याची नाणी लागतात. वरच्या दर्जाचे मंत्र विझर्ड २ ला उतरवता येत नाहीत. ती पानं पार्टीतल्या मोठ्या विझर्डला विका. घासाघीस करा, नुसती देऊन टाकू नका.