बांबूची स्ट्रॉ घरी कशी करावी

1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आली आणि तिची जागा कागदी स्ट्रॉने घेतली. परंतु शहाळे अर्धे संपेपर्यंत कागद लिबलिबीत होतो, हे बहुतेकांनी पाहिलेले आहे. बांबूची नळी मात्र नीट राखल्यास कितीतरी वेळा वापरता येते. ती कापण्यास फारसे कौशल्य लागत नाही. तिचा टिकाऊपणा ठरतो तो बांबूची निवड आणि वाळवण यांवर.

सिंधुदुर्गातील माणगा बांबू फर्निचरसाठी नावाजलेला आहे, तो त्याच्या जवळजवळ भरीव खोडामुळे. नेमक्या याच गुणामुळे तो आपल्या कामाचा नाही. पोकळ जातीच्या बांबूचा करंगळीएवढा जाड शेंडा किंवा फांदी बुरुडाकडून मागून घ्यावी आणि टोक कापून आतील छिद्र 5 ते 7 मिलिमीटर असल्याची खात्री करावी. कोवळा बांबू वाळताना आक्रसतो, म्हणून तो टाळावा. अंधाऱ्या पक्षात तोडलेल्या बांबूला भुंगा लागत नाही, असे गावाकडे सांगतात. चंद्राचे काहीही असो, पावसाळा सरल्यावर तोडलेला बांबू केव्हाही चांगला. परांचीचा, मांडवाचा किंवा कीडनाशक प्रक्रिया केलेला बांबू तोंडाला लावायच्या वस्तूसाठी अजिबात वापरू नये.

दोन गाठींमधील सरळ कांडे, शक्यतो 15 ते 20 सेंटिमीटरचे, बारीक दात्यांच्या करवतीने कापावे. कापताना कांडे हळूहळू फिरवत राहावे, कारण एकाच बाजूने दाब दिल्यास शेवटचे धागे सोलले जातात आणि तिथेच पुढे फास निघते. दोन्ही टोके आधी 120 आणि मग 400 क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासून गोलसर करावीत व ओठांवरून फिरवून पाहावीत. बोटांना न जाणवणारी फास ओठांना जाणवते. आतील पातळ पापुद्रा काढण्यासाठी पायजम्यात नाडी ओवतात तशी जाड सुती दोरी नळीतून ओवून पुढे-मागे ओढावी.

त्यानंतर नळ्या मीठ घातलेल्या पाण्यात अर्धा तास उकळाव्यात. पाणी पिवळट होते, ते टाकून स्वच्छ पाण्यात पुन्हा थोडा वेळ उकळावे. भुंग्याला हवा असतो तो बांबूतील स्टार्च, आणि उकळल्याने तो काही प्रमाणात निघून जातो. नंतर नळ्या जाळीवर, सावलीत, वाऱ्याच्या ठिकाणी आठवडाभर वाळवाव्यात. ओल्या नळ्या थेट उन्हात ठेवल्यास तडकतात. घाईपोटी अनेकांचे काम याच टप्प्यावर बिघडते. चकाकीसाठी व्हार्निश मुळीच लावू नये. बेल्जियममधील संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत बांबूच्या पाचपैकी चार ब्रँडच्या स्ट्रॉमध्ये ‘पीएफएएस’ ही सहजी विघटन न होणारी रसायने आढळली होती. ती मातीतून किंवा पाण्यातूनही आलेली असू शकतात, तरीही आपल्या हातून त्यात भर पडू नये.

कोकम सरबत, पन्हे, शहाळ्याचे पाणी यांसाठी ही नळी उत्तम. सोलकढीतील नारळाच्या दुधाचा स्निग्धांश मात्र आत चिकटून राहतो. वापरल्यावर लगेच गरम पाणी व बारीक ब्रशने धुऊन ती उभी ठेवून वाळवावी, बंद डब्यात ओली ठेवू नये. पावसाळ्यात विशेष लक्ष द्यावे. आत काळे ठिपके दिसले, आंबूस वास आला किंवा चीर पडली, तर नळी मोडून कंपोस्टमध्ये टाकावी.