मेनसेल ट्रिम शिकताय? आधी मेनशीटवरचा हात सैल करा

लफ, लीच, बूम कशाला म्हणतात आणि टॅक कसा मारायचा हे येतंय असं धरूनच लिहितोय. नवीन माणूस हमखास फसतो तो मेनशीटपाशी, म्हणजे मेनसेल (मुख्य शीड) आणि त्याची बूम आत ओढायच्या दोरापाशी. माझे कितीतरी दिवस तिथेच गेले, अजूनही क्लोज हॉल्डवर (वाऱ्याच्या दिशेला जमेल तितकं जवळून जाताना) स्पीड पडला की हात आपोआप शीट आवळायला जातो.

बघा, बूम मध्याजवळ असताना शीट तिला आत कमी आणि खाली जास्त ओढते. मग लीच ताणली जाते, ट्विस्ट (शिडाचा वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त उघडा ठेवणारा पीळ) जातो आणि शीड खालपासून वरपर्यंत एकाच कोनात उभं राहतं. पण वर वारा जास्त असतो, त्यामुळे अपेरंट विंड (चालत्या बोटीवर जाणवणारा वारा) तिथे जरा मागून येतो, म्हणून वरचा भाग थोडा उघडा लागतो, नाहीतर तो स्टॉल होतो, म्हणजे वारा शिडाला धरून वाहत नाही. बोट नुसती कलते, सुकाणू जड, स्पीड नाही. आणि शीड दिसतं मात्र झकास, कडक! म्हणून तर कळत नाही.

वरच्या बॅटनपाशी (शिडात घातलेली ताठ पट्टी) लीचवर टेलटेल, म्हणजे वाऱ्यावर उडणारी बारीक फीत असते, तिच्याकडे बघा. कायम शिडामागे लपून बसली असेल तर शीट थोडी सोडा. कधी लपते कधी सरळ उडते असं झालं की थांबा. बूमखालून वर बघितलं तर वरची बॅटन बूमला साधारण समांतर दिसेल.

बूम आत-बाहेर करायला ट्रॅव्हलर (शीटचं खालचं टोक आडवं सरकवणारी गाडी) आहे, गस्ट (वाऱ्याचा झोत) आली की तो लीवर्डला, म्हणजे वारा जातो त्या बाजूला सोडा. वारा मागून असला आणि बूम बाहेर गेली की शीट खाली ओढतच नाही, तिथे लीच व्हँगने (बूम खाली ओढून धरणारा दोर) धरायची.

आउटहॉल (शिडाचा मागचा खालचा कोपरा बूमवर मागे ताणणारा दोर) ओढला की शिडाचं खालचं पोट, म्हणजे फुगवटा, सपाट होतं. लफला आडव्या सुरकुत्या पडून पोट मागे सरकलं तर कनिंगहॅम (लफ खाली ताणणारा दोर) ओढा. हे दोन्ही लवकर जमतं, घाबरू नका.

दोरांवर खुणा करून ठेवा म्हणणारे भेटतील. ठेवा, पण वारा बदलला की त्या खुणा खोटं बोलतात. आणि मागून नुसतं "खेच, खेच" ओरडणाऱ्यापेक्षा शीट हातात देऊन गप्प बसणारा गुरू बरा.

जोरदार वाऱ्यात आउटहॉल, कनिंगहॅम, बॅकस्टे (डोलकाठीला मागून ताणणारी तार) ओढून, ट्रॅव्हलर सोडूनही सुकाणू साधारण ५ अंशांच्या वर धरून ठेवावं लागत असेल तर ट्रिमशी झटापट बास, रीफ घ्या, म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करा.