एफटीझेडची तयारी: जागेआधी मालाचं स्टेटस

अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक्सचं वेअरहाउस फॉरेन-ट्रेड झोनमध्ये (एफटीझेड: परदेशी माल आयात ड्युटी न भरता ठेवायची आणि ती बाजारात काढताना भरायची अशी जागा) आणायचं ठरलं की सगळे जागेच्या मागे लागतात. आमचं काम मागच्या वेळी जागेपायी अडलं नाही. माल झोनमध्ये घेण्यासाठी सीबीपीला (अमेरिकेचं कस्टम्स खातं) द्यायच्या फॉर्म 214 वर प्रत्येक ओळीसमोर मालाचं कोणतं स्टेटस टाकायचं, म्हणजे ड्युटीसाठी तो कसा धरायचा, हे आधी ठरवायचं राहिलं आणि तिथे सगळं अडकलं. म्हणून या यादीत ते वारंवार येणार.

जागेचं आधी उरकून घेऊ. तुमच्या भागातला ग्रँटी, म्हणजे झोनची मंजुरी ज्याच्या नावावर आहे तो, शोधा. बहुतेक ठिकाणी ती पोर्टची, विमानतळाची किंवा शहराची संस्था असते. जागा पोर्ट ऑफ एंट्रीपासून 60 मैलांच्या किंवा गाडीने 90 मिनिटांच्या आत हवी. टेक्ससमध्ये असाल तर स्कूल डिस्ट्रिक्टचं ना-हरकत पत्र सर्वांत आधी मागा. झोनमधल्या परदेशी मालावर स्थानिक मालमत्ता कर लागत नाही आणि तिथल्या शाळांचा मोठा आधार तोच कर असतो. मग ते पत्र चटकन कसं मिळेल? त्यांना भेटा, आकडे दाखवा, उत्तराची वाट बघण्याचा वेळ वेळापत्रकात धरा.

एफटीझेड बोर्डाची मंजुरी आली म्हणून माल आत घ्यायचा नाही. सीबीपीच्या पोर्ट डायरेक्टरने जागा ॲक्टिव्हेट करेपर्यंत ते साधं गोदामच आहे. त्यासाठी ऑपरेटरचा बाँड, जागेचा नकाशा, प्रोसिजर मॅन्युअल आणि लोकांची पार्श्वभूमी तपासणी लागते. कुंपण, कॅमेरे, कुलपं याबद्दल सांगायला नको. लिथियम बॅटरीचा साठा असेल तर फायर मार्शलला आधीच बोलवा.

आता मालाचं स्टेटस. चार प्रकार आहेत: प्रिव्हिलेज्ड फॉरेन (दर आत येतानाच ठरतो), नॉन-प्रिव्हिलेज्ड फॉरेन (दर बाहेर काढताना ठरतो), डोमेस्टिक (देशी किंवा ड्युटी भरलेला) आणि झोन रिस्ट्रिक्टेड. लॅपटॉप आणि फोनवर मूळ ड्युटी शून्य आहे, त्यामुळे 'कुठलंही टाका, काय फरक पडतो' असं म्हणणारा कोणीतरी भेटतोच. त्याचं ऐकू नका. चिनी मालावर 2018 पासून अमेरिकी व्यापार कायद्याच्या कलम 301 ची जादा ड्युटी लागू आहे आणि तिच्या यादीतला माल झोनमध्ये प्रिव्हिलेज्ड फॉरेन म्हणूनच आणावा लागतो. त्यात निवड नाही. या स्टेटसमध्ये 214 भरल्या दिवसाचा दर त्या मालाला चिकटतो. पुढे ड्युटी वाढली तर तुमचा फायदा; उतरली तरी जुनाच दर भरायचा. एकदा घेतलेलं हे स्टेटस सोडता येत नाही.

म्हणून पहिला कंटेनर जहाजावर चढण्याआधी प्रत्येक एसकेयूसाठी (मालाचा प्रत्येक वेगळा प्रकार) तीन गोष्टी एका ओळीत लिहून ठेवा: एचटीएस कोड (अमेरिकी टॅरिफ यादीतला क्रमांक), मूळ देश, स्टेटस. कस्टम्सचे कागद भरणारा ब्रोकर लिहील असं समजू नका. ब्रोकर तुम्ही दिलेलंच टाकतो. ती ओळ तुमच्याकडच्या माणसाने लिहावी, दुसऱ्याने तपासावी.

आणि स्टेटस फॉर्मवर टाकून भागत नाही, ते वेअरहाउसच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या लॉटबरोबर चाललं पाहिजे. एकच चार्जर, एकच बारकोड, पण एक लॉट दर बदलण्याआधी आला आणि दुसरा नंतर, तर दोघांची ड्युटी वेगळी. पिकिंग करणारा समोरचा खोका उचलणार, त्याला यातलं काही दिसत नाही. तेव्हा फिफोने (आधी आलेला माल आधी बाहेर) चालायचं की प्रत्येक लॉटला स्वतंत्र ओळख क्रमांक द्यायचा, हे मॅन्युअलमध्ये लिहा आणि सिस्टिम तसंच वागते का, खोट्या डेटावर चालवून बघा. सॉफ्टवेअरवाला 'होतं हो' म्हणाला तरी बघा.

परत आलेला, बिघडलेला माल झोन रिस्ट्रिक्टेडमध्ये टाकताना दोनदा विचार करा. तो निर्यात होतो, नष्ट होतो किंवा पडून राहतो. उद्या दुरुस्त करून इथेच विकू म्हणालात तर बोर्डाकडे जावं लागेल. इथेही तेच: आधी स्टेटस, मग खोका हलवा.

किटिंग करणार असाल, म्हणजे फोन, केबल, कव्हर एका डब्यात, तर टॅरिफ वर्गीकरण बदलतं का ते आधी विचारून घ्या. बदलत असेल तर ते प्रॉडक्शन धरलं जातं, बोर्डाला वेगळी नोटिफिकेशन द्यावी लागते आणि तिला 120 दिवस धरावे लागतात. बदलत नसलं तरी सीबीपीची परवानगी हवीच. आणि प्रिव्हिलेज्ड स्टेटस मागायचं असेल तर वर्गीकरण बदलण्याआधी मागा, नंतर मिळत नाही.

वीकली एंट्रीची, म्हणजे झोनमधून बाहेर जाणाऱ्या मालाची कस्टम्सकडे आठवड्याला एकच नोंद करायची, सोय घ्या. कस्टम्सची मर्चंडाइज प्रोसेसिंग फी 0.3464 टक्के असली तरी एका एंट्रीला तिची कमाल मर्यादा आहे. रोजच्या अनेक एंट्र्यांऐवजी आठवड्याची एकच केली की ती एकदाच लागते. बंदरातून आलेल्या मालावरची हार्बर मेंटेनन्स फी मात्र सुटत नाही, ती दर तिमाहीला भरायची. एफसीसीचे (रेडिओ लहरी सोडणाऱ्या उपकरणांवर नजर ठेवणारी अमेरिकी संस्था) नियमही झोनमुळे टळत नाहीत.

झोनच्या आत किरकोळ विक्रीचा काउंटर नको, ओपन-बॉक्स मालाचासुद्धा. वर्षअखेरीनंतर 90 दिवसांत रिकन्सिलिएशन, म्हणजे नोंदीतला आणि प्रत्यक्ष साठा जुळवणं. ग्रँटीला वार्षिक अहवालाचे आकडे. माल बाहेर गेल्यावर कागद 5 वर्षं जपून ठेवायचे.