एसएलडी चिप डिझाइन करताय? या चुका टाळा

मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो ती सूर रेंगाळावा म्हणून. आपलं काम नेमकं उलटं: चिपमध्ये प्रकाश घुमताच कामा नये. सुपरल्युमिनेसंट डायोड (एसएलडी) म्हणजे आरसे काढून घेतलेला लेसर. यावर मान डोलावणारी पोरंच आठवड्यानं सरळ वेव्हगाइडचा (चिपमधल्या प्रकाशाच्या वाटेचा) लेआउट घेऊन येतात. वर "सर, परावर्तन रोखणारं कोटिंग आहे ना!"

असाच एक प्रोजेक्ट सांगलीत माझ्या बेंचवर आला. तरंगलांबी ८४० नॅनोमीटर, चिप १ मिलिमीटर लांब. स्पेक्ट्रम कसा, घोटून काढलेल्या टेकडीसारखा. इंटरफेरोमीटरला जोडला, रेफरन्सचा आरसा ४ मिलिमीटर सरकवला, तर फ्रिंजेस (प्रकाशाच्या दोन वाटा मिळून उमटणारे पट्टे) पुन्हा हजर! ओसीटीत (प्रकाशानं ऊतींचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) याचीच भुताटकीची रेघ दिसते. दोन दिवस आम्ही लेन्सा पुसत बसलो. मग लक्षात आलं, स्पेक्ट्रम ॲनालायझरचं रिझोल्यूशन १ नॅनोमीटरवर ठेवलंय. ०.०२ वर आणलं आणि टेकडीला कंगव्याचे दाते फुटले, दर ०.०९ नॅनोमीटरला एक. चिपची लांबी गुणिले ग्रुप इंडेक्स (चिपमध्ये प्रकाशाचा स्पंद हवेच्या मानानं किती पट हळू चालतो तो आकडा), जो ४ च्या आसपास असतो. ते ४ मिलिमीटर तिथूनच आले.

कोटिंगनं दोन्ही टोकांचं परावर्तन हजारांश भागावर आणलं, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत एका खेपेत गेन (प्रकाशाची वाढ) हजारपट असेल तर जाऊन-येऊन गुणाकार येतो १. म्हणजे लेसरच झाला की! मी आधी वेव्हगाइड ७ अंश तिरका काढतो, कोटिंगचा विचार नंतर. आणि पहिलं माप सगळ्यात बारीक रिझोल्यूशनवर. वेळ लागतो. लागू दे.

बँडविड्थची हाव हा दुसरा रोग. ८४० ला ५० नॅनोमीटर रुंदी असली की हवेत खोलीचं रिझोल्यूशन साधारण ६ मायक्रॉन मिळतं. त्याहून बारीक हवं म्हणून दोन चिपा जोडतात, आणि दोघींच्या स्पेक्ट्रममध्ये दरी राहिली तर प्रत्येक थराच्या दोन्ही बाजूंना खोटे थर उगवतात. आकडा सुंदर, चित्र भिकार.

फायबरला सपाट कनेक्टर लावू नका. हिरवा, ८ अंश तिरका घासलेलाच.

आधी टीईसी (चिपचं तापमान सांभाळणारा थर्मोइलेक्ट्रिक कूलर) सुरू करा. तापमान २५ अंशांवर स्थिरावलं की मग करंट, तोही हळूहळू. लाईट गेली तर नॉब शून्यावर आणा, इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका. माझ्या ड्रॉवरमध्ये तीन मेलेल्या चिपा आहेत. तिन्ही "सर, फक्त एकदा लावून बघतो" म्हणणाऱ्यांच्या.